कात्रजची ओटी

२२ डिसेंबर १९६७, शुक्रवार

श्री गजानन प्रसन्न. आज मिरजेहून पुण्यास सुखरूप पोचलो. हे, मी आणि आमची हेमा. उतरलो आहोत ह्यांच्या बहिणीकडे, शकूवन्संकडे, सदाशिव पेठेत. घर लहान पण लख्ख. मागच्या अंगणात दगडी हौद आहे. त्यात कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांच्या वेळच्या भुयारी नळाने अजून येतं, हात घातला की बोटं बधिर होतात. वन्संनी दारातच विचारलं, वहिनी, मिरजेत धान्य रेशनवर सुद्धा मिळत नाही का, इतक्या वाळलात. तोंड तसंच आहे, मन चांगलं.

नाताळची सुटी हे निमित्त. खरं काम हेमाचं. वन्संच्या ओळखीतला श्रीनिवास, बँकेत आहे, एकुलता एक. दिवाळीत बघून गेला, पसंती कळवली. पण हेमाबाईसाहेबांना चार दिवस बोलून बघायचंय, मगच हो म्हणणार. आमच्या वेळी नाव सुद्धा अंतरपाट सरल्यावर नीट कळलं. असो.

२४ डिसेंबर

दोघं पर्वतीला जाऊन आली, वन्सं चार पायऱ्या मागे. त्या म्हणतात, मुलगा सबंध चढणभर बोलत होता, दम लागला नाही, म्हणजे छाती मजबूत आहे. हेमा मटार सोलायला बसली आणि निम्मे खाल्ले. इतकी खुशीत तिला फार दिवसांनी पाहिलं. उद्या श्रीनिवासची आई पद्मजाबाईंनी सर्वांना कात्रजच्या तलावावर सहलीला बोलावलंय. मी दशम्या आणि चटणी नेणार. बाहेर विकत घ्यायला नको.

२५ डिसेंबर

ठरलं. देवाची कृपा.

तलावाच्या काठी जेवणं झाली आणि हेमा सर्वांदेखत म्हणाली, माझी हरकत नाही. पद्मजाबाई लगेच उठल्या. आनंदाला पंचांग कशाला, म्हणाल्या, इथेच कुंकू लावून साखर देते, पुढे मोठा साखरपुडा आणि माघात लग्न होईलच. साखर चहाच्या डब्यात होती. पण ओटी कशी भरणार? नारळ नाही, खण नाही. मुलीचं पहिलं कुंकू आणि पदर रिकामा, मला काही बरं वाटेना.

मी हात धुवायच्या मिषाने काठाने पुढे गेले. जांभळीखाली शेंदूर फासलेले सात तांदळे, देवीचे बिनघडीव दगड, मांडलेले, पुढे हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ. सगळं ताजं. कुणीतरी सकाळीच वाहून गेलेलं. तिथे वाऱ्यावर वायाच जाणार होतं. मी नमस्कार केला, देवीचा प्रसाद समजून उचललं, त्या जागी चार आणे ठेवले. पद्मजाबाईंना सांगितलं, मी घरूनच आणलं होतं. त्यांनी त्यानेच हेमाची ओटी भरली.

श्रीनिवास लाजला. हे रडले.

२६ डिसेंबर

हेमा सकाळपासून हौदाच्या कठड्यावर बसून आहे. आत ये म्हटलं तर म्हणते, इथे बरं वाटतं. न्हायलेली नाही, तरी केस ओले. पुसले, पुन्हा ओले. वन्संच्या मते प्रेमात असंच होतं, त्यांना अनुभव नाही, पण वाचलंय.

२७ डिसेंबर

बोटांच्या टोकांना सुरकुत्या, तासन् तास धुणं धुतल्यासारख्या. श्रीनिवासने आणलेली अंगठी घसरून हौदात पडली. हेमाला हळहळ नाही. म्हणाली, पडली नाही, त्यांनी मागितली.

कोणी, विचारलं. तर म्हणाली, त्या बायका, ज्यांनी माझी ओटी भरली.

श्रीनिवासला ओळख देत नाही. तो ओसरीवर बसून राहिला बिचारा, चहा निवला.

२८ डिसेंबर

देवापुढे बसले, पोथीत लक्ष नाही. आता स्वतःशी खरं बोलायला हवं. सात तांदळे, पाण्याच्या काठी. त्या आसरा होत्या, पाण्यातल्या साती बहिणी. मिरजेला कृष्णाकाठी लहानपणापासून बघत आले आणि कात्रजला मला ओळखू येऊ नये? ओळखलंच असणार. खण नवा होता म्हणून —

त्यांची ओटी ज्या मुलीच्या पदरात पडली, ती मुलगी त्यांची झाली.

वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी उठून देवापुढे दिवा लावला.

२९ डिसेंबर

एकटीच कात्रजला गेले. नवा खण, मोठा नारळ, खणाबरोबर हिरव्या बांगड्या. ठेवून हात जोडले, म्हटलं चूक माझी, पोरीला सोडा. नारळ गडगडत माझ्या पायाशी परत आला. जमीन सपाट आहे तिथे. पुन्हा ठेवला. पुन्हा आला.

सात तांदळ्यांच्या शेजारी आठव्याची जागा सारवलेली. ओली होती अजून.

३० डिसेंबर

हेमा जेवत नाही. उद्या अवस, उद्या मला न्यायला येणार, असं हसून सांगते. ह्यांनी डॉक्टर आणले. ते अशक्तपणा म्हणाले.

भर दुपारी नळातून बांगड्या वाजतात. वन्संनीही ऐकल्या.

वन्सं म्हणतात, भरलेली ओटी परत करता येत नाही. पण दुसऱ्या सवाष्णीने पदर पसरून मागून घेतली तर —

आणि माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं.

३१ डिसेंबर, सकाळ

घेतली. खण, नारळ, तांदूळ, सगळं हेमाच्या पदरातून माझ्या पदरात. हे देवळात गेले होते तेव्हाच उरकलं.

ती दचकून उठली. केस कोरडे. भूक लागली म्हणाली. श्रीनिवास आला तर त्याला म्हणाली, अहो, तुम्ही दाढी का नाही केली. दोघं हसली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

दुपार

माझे केस — पुसले. पुन्हा.

बोटं भिजल्यासारखी. टाक धरवत नाही. कागद ओला होतो आहे.

त्या अंगणात आल्या आहेत. हळदीकुंकवाला बोलवायला याव्या तशा, घाई नाही. बोलावणं गोड आहे. पाय उचलावेसे वाटतात.

हे, ऐका. लग्न मोडू नका. माघातलाच मुहूर्त धरा, सुतक मानू नका. वन्संना बोल लावू नका. हेमाला आजच ह्या घरातून न्या, आणि पुन्हा कधी हौदापाशी येऊ देऊ नका. पाण्यातून हाक आली, अगदी माझ्या आवाजात आली, पोरी मी आहे गं म्हणून आली, तरी तिला