हद्द ४०७ ते ९९०

बुधवार, २ डिसेंबर १९९८

‘जमिनी गेलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो! आपल्या बापांनी फक्त अंगठे उठवले. नकाशे दुसऱ्यांनी काढले, हद्दी दुसऱ्यांनी टाकल्या, आणि आपली नावं गळाली तेव्हा सांगायलासुद्धा कोणी आलं नाही –’

इथपर्यंत जमलंय. १३ तारखेच्या सभेत असंच उघडायचं. पुढचं वाक्य सुचत नाही, कारण डोक्यात दुसरंच चाललंय. कॉम्प्युटर!

समितीच्या खांदेश्वरच्या गाळ्यात हा जुना कॉम्प्युटर आणला त्याला पाच महिने झाले. चार गावांतल्या वारसांची यादी त्यात आहे. तीनशे अठरा नावं, नंदिनीने कॉलेज सांभाळून टाईप केलेली. पोरगी माझी खरी. २१ तारखेला सुनावणी. त्या दिवशी यादी जमिनीच्या कचेरीत दाखल झाली नाही, तर गेलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडांच्या वाटपातून ही माणसं कायमची बाहेर. कागद? कागद ज्याचे त्याच्या घरी. नाव टाईप झालं की सातबारा, दाखले, सगळं काखेत मारून माणूस त्याच संध्याकाळी चालता होतो. आमच्या गावांत कागद हातातून कोणी सोडत नाही. एकदा सोडला होता, तेवढं पुरे.

आणि हे यंत्र लावून दिलं कोणी? शौनकने. फ्लॅटवाल्यांचा मुलगा. इंजिनिअर, वाशीला नोकरी. शनिवार-रविवार येतो, काही घेत नाही. का घेत नाही?

शनिवार, ५ डिसेंबर

शौनक आला होता. यंत्र सुरू केलं की आधी पडद्यावर ‘लिलो’ असा शब्द येतो आणि यंत्र वाट बघत थांबतं. ‘विंडोज’ लिहिलं तर माझी पत्रं, माझी भाषणं. ‘लिनक्स’ लिहिलं तर नंदिनीची यादी.

एका घराला दोन दारं कशाला, विचारलं.

“काका, विंडोज आठवड्यातून दोनदा लटकतं. यादी लटकली तर? लिनक्स फुकट आहे. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. त्याला कोणी मालक नाही.”

कोणी मालक नाही! इतकी पुस्तकं वाचली, इतकी माणसं पाहिली, मालक नसलेली वस्तू अजून पाहिली नाही. गायरानालासुद्धा शेवटी मालक निघालाच.

डिस्क कशी वाटलीस ते दाखव म्हटलं. त्याने पडद्यावर पान उघडून दिलं आणि चहा सांगायला खाली गेला. तेवढ्यात शबनममधून ही वही काढली आणि उतरवून घेतलं:

पहिला भाग – १ ते ४०६ – विंडोज
दुसरा भाग – ४०७ ते ९९० – लिनक्स
तिसरा भाग – ९९१ ते १०२३ – लिनक्सची कामापुरती जागा

सत्तर साली मोजणीदार आला तेव्हा बाबांनी नकाशा उतरवून घेतला नव्हता. नंतर बांध चाळीस पावलं आत सरकलेला. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही हद्द दिसली की आधी वहीत. समोरच्याला न सांगता.

यंत्र समितीचं, आणि अर्ध्याहून जास्त जागा लिनक्सची! नोंद करून ठेवतो.

जाताना म्हणाला, “काका, यादी दोन-तीन फ्लॉप्यांवर घेऊन घरी ठेवतो. सेफ्टी म्हणून.” हो का! कुणाचा हक्क कुठे, वारस किती, भांडण कुणात – ही यादी हातात पडावी म्हणून बिल्डर पायघड्या घालतील. सरळ सांगितलं – गाळ्यातून फ्लॉपी जाणार नाही, कागद जाणार नाही, चिठोरंसुद्धा जाणार नाही.

“ठीक आहे. मशीन तुमची, काका.”

चेहरा पडला होता. का पडावा?

सोमवार, ७ डिसेंबर

समितीतले सगळ्यात वडीलधारे नामाकाका करंजाड्याहून चालत आले. बसलेसुद्धा नाहीत.

“हौसा, त्या पोराचा बापूस कुठं कामाला हाय, ठाव हाय का तुला?”

“नाही.”

“जमिनीच्या कचेरीत! श्यामसुंदर नाव. सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं मना. आनि तू त्याला आपल्या घरात घुसवलंस. भाषनं करतोस मोठी!”

पाच महिने लपवलं! मी विचारलं नव्हतं, हे खरं. पण मी का विचारू? त्याने सांगायला नको?

मंगळवार, ८ डिसेंबर

नंदिनीला विचारलं, शौनकचे वडील काय करतात. “कचेरीत आहेत की. का, बाबा?” म्हणजे सगळ्यांना माहीत! मीच तेवढा आंधळा.

गुरुवार, १० डिसेंबर

पनवेलच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या दिलीपला गाठलं. दोन दारांची गोष्ट सांगितली. लिनक्स त्याने ऐकलंय, पाहिलेलं नाही. तरी म्हणाला, “साहेब, फ्लॉपी घेऊन उद्या येतो. दूध का दूध करून टाकू.”

शुक्रवार, ११ डिसेंबर

नंदिनी परीक्षेला गेली. अकरा वाजता दिलीप आला. स्वतःच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं, डिस्कची वाटणी पडद्यावर आणली. पहिला भाग व्यवस्थित. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागापुढे लिहिलेलं – ‘नॉन-डॉस’.

“म्हणजे?”

“म्हणजे आपल्यातलं नाही. परकं. आत काय आहे ते इथून दिसत नाही.”

“यादी कुठल्या भागात?”

“डेटा सगळा सी ड्राइव्हमध्येच असतो, साहेब. म्हणजे पहिल्यात. वीस मशीन सांभाळतो मी.”

पटलं. लिनक्स ही नुसती किल्ली. माल आमच्याच खोलीत. मग या परक्या खोल्यांत काय दडवलंय? आमच्या यंत्रात, आमच्या नाकासमोर!

“काढता येतं?”

“दोन मिनिटांचं काम.”

पडद्यावर इशारा आला. या भागातली माहिती जाईल, पुढे जायचं का? हो की नाही? माहिती जाईल – त्याची! दिलीपने हात मागे घेतला. “बटण तुम्हीच दाबा, साहेब. मशीन तुमची.”

मी दाबलं. दोन वेळा. आयुष्यात पहिल्यांदा एक अतिक्रमण मी स्वतःच्या हाताने उठवलं!

शनिवार, १२ डिसेंबर

यादी नाही.

सकाळी नंदिनीने ‘लिनक्स’ लिहिलं. ओळींमागून ओळी धावल्या आणि शेवटी ‘पॅनिक’ असा शब्द येऊन सगळं थिजलं. यंत्रालाही घाबरता येतं! विंडोज उघडून बघितलं. माझी पत्रं आहेत, सगळी भाषणं आहेत – सत्तावीस भाषणं! यादी तेवढी नाही.

खालच्या बूथवरून दिलीपला फोन केला. “साहेब, मी म्हटलं होतं ना, बटण तुम्ही दाबा.” फोन ठेवला त्याने.

नंदिनीने बोलावल्यावर शौनक अर्ध्या तासात आला. बरोबर दोन फ्लॉप्या. काहीतरी सुरू करून बघितलं आणि खुर्चीत मागे रेलला.

“दोन्ही भाग उडवलेत कोणीतरी. हे आपोआप होत नाही. काका, कोणी हात लावला होता?”

नामाकाका येऊन उभे होते. नंदिनी उभी होती.

मी म्हणालो, “तूच सांग.”

“मी? मी तर मागच्या रविवारनंतर – बरं, ते राहू दे. काका, हद्दींचे आकडे मिळाले तर –”

“आकडे गेले खड्ड्यात! यादी कुठंय ते बोल!”

नंदिनी माझ्याकडे बघत राहिली.

रविवार, १३ डिसेंबर

सभा. तीनेकशे माणसं, बाया वेगळ्या. ठरवल्याप्रमाणेच उघडलं. आणि अडलेलं पुढचं वाक्य आपोआप आलं – ‘आणि आज, सुनावणी आठ दिवसांवर असताना, आपल्याच गाळ्यातून आपलीच नावं पुन्हा पुसली गेली! आत घेतलेल्या माणसाकडून!’

टाळ्या नाहीत. गुरगुर उठली. मी नाव घेतलं नाही. नामाकाका ओरडले, “ज्याचा बापूस कचेरीत हाय त्याला इचारा!” सगळ्या माना मागे वळल्या. शौनक शेवटच्या रांगेत होता. उठला, मधल्या वाटेने पुढे आला, त्याच्याकडची गाळ्याची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

मी नाव घेतलं नाही, हे मात्र इथे लिहून ठेवतो.

आणि त्याने यादी परक्या भागात ठेवलीच का? डाव नसेल तर काय?

सभा संपल्यावर यादीतल्या विधवा पुतळाकाकीने दंड धरला. दिरांनी कचेरीत जबाब दिलाय, ही बाई दुसरं लग्न करून गेली. तीस वर्षं त्याच घरात भात शिजवतेय! तिचा एकेक दाखला जमवायला दोन वर्षं गेली.

“हौसा, माजं नाव हाय ना रं त्यात?”

“हाय, काकी.”

मंगळवार, १५ डिसेंबर

कागद पुन्हा गोळा करायला माणसं धाडली. दोन दिवसांत तेवीस घरं. कोण द्रोणागिरीच्या गोदामांवर पाळीला, कोण गाव सोडून गेलेलं, कोण म्हणतं आधी झेरॉक्स काढू, मग बघू. तीनशे अठरा होणं शक्य नाही.

बुधवार, १६ डिसेंबर

नंदिनी मला न विचारता शौनकच्या घरी जाऊन आली.

“दार त्याच्या बाबांनी उघडलं. आत घेतलं, चहा दिला. शिपायांच्या पगाराची बिलं करतात ते, बाबा. जमिनीच्या फायलीला कधी हात लागला नाही म्हणे. मला चहा गिळवेना.”

“आणि तो?”

“तो म्हणाला, यादी गेलेली नाही. कुंपण काढलंय, शेत जागेवरच आहे. जिथून जिथे हद्द होती तिथेच पुन्हा टाकली की यादी जशीच्या तशी उभी राहील. पण नेमकी तिथेच. तोवर यंत्राला कोणी हात लावू नका. त्याच्यावर एवढं झाल्यावरही सांगतोय!”

“मग टाक म्हणावं हद्द.”

“आकडे नाहीत त्याच्याकडे. तुम्ही चिठोरंसुद्धा नेऊ दिलं नाहीत ना, बाबा! अंदाजाने आठवून बघतोय. चारशेच्या आसपास, एवढंच आठवतंय.”

ही वही तेव्हा माझ्या मांडीवर होती. मी ती मिटून शबनममध्ये ठेवली.

गुरुवार, १७ डिसेंबर

पान उलटून पाहिलं. आहेत. चारशे सात ते नऊशे नव्वद. स्वच्छ अक्षरात!

मार्ग सोपा आहे. आकडे एका चिठ्ठीवर उतरवायचे. जुन्या कागदांत सापडले म्हणायचं. नंदिनीच्या हातून पाठवायचे. यादी मिळेल, सुनावणी होईल. लोक म्हणतील, त्या पोराने घालवलं, हौसेरावांनी परत आणलं. पुढच्या सभेचं पहिलं वाक्यसुद्धा सुचलं. फार चांगलं वाक्य आहे. तेच भयंकर आहे.

चिठ्ठी लिहिली. सदऱ्याच्या खिशात ठेवली. निघणार, तेवढ्यात गाळ्याच्या दारात पुतळाकाकी. काखेत प्लास्टिकची पिशवी, सुतळीने बांधलेली.

“लोकं बोलतात, यादी गेली. घे ही. माजे सगले कागद हायेत. ठेव तुज्यापाशी.”

“झेरॉक्स काढून देतो, काकी. लगेच परत –”

“परत कशाला? घरात दीर शोधतात. तुज्यावर इश्वास नाय ठेवायचा तं कोनावर?”

पिशवी टेबलावर ठेवली आणि गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आमच्या गावांत कागद हातातून कोणी सोडत नाही! तिने सोडला. माझ्यापाशी. तिचं नाव ज्याने पुसलं त्याच्यापाशी!

तासभर त्या पिशवीसमोर बसलो होतो. खिशातली चिठ्ठी फाडली.

शुक्रवार, १८ डिसेंबर

शौनक,

ही वही तुझ्याकडे सोडून जातोय. आकडे ५ तारखेच्या पानावर आहेत, ते मी सुट्ट्या कागदावर दिले असते तरी चाललं असतं. पण तेवढंच देऊन मला सुटायचं नाही. रविवारी पुन्हा सभा बोलावली आहे. मी खाली बसेन, मधे बोलणार नाही. तू उभा राहा आणि ११ तारखेचं, बटण दाबल्याचं पान वाच – मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.