सुंदराबाईला सांगा

२ फेब्रुवारी

आलो बाई एकदाचे नव्या घरात! नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली गेली आणि टॉवरात चौदावा मजला मिळाला. माझी नात मनाली कॉम्प्युटरमध्ये आहे, तिने ही डायरी दिली. म्हणाली आजी, प्रौढ वर्गात शिकलेलं विसरशील, रोज काहीतरी लिही. म्हणून लिहिते. चुका झाल्या तर हसू नये.

घरात संडास! तोही आतमध्ये, पांढराशुभ्र. मी उगाच दोनदा जाऊन आले. माझ्या मुलाने, बुद्धभूषणने, आधी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, मगच चहा झाला. खिडकीतून पार शिवडीची खाडी दिसते.

दार मात्र बंद ठेवायचं म्हणे. चाळीत दार रात्रीच लागायचं. दिवसभर गॅलरीतून हाका. तोंड कोण बघतो, आवाजावरून माणूस कळायचं. आणि कुणाचं काही अडलं की एकच बोलणं, सुंदराबाईला सांगा. नळाला पाणी नाही, सुंदराबाईला सांगा. गटार तुंबलं, सुंदराबाईला सांगा. शिक्षण माझं नावापुरतं, पण युक्ती पक्की होती. आधी माणसाला चहा पाजून सगळं ऐकून घ्यायचं. मग त्याला घेऊन वॉर्ड ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर बसायचं आणि डबा उघडायचा. सुक्या बोंबलाची चटणी! साहेब शिपायाला सांगायचा, या बाईचं काम आधी करा आणि ती खिडकी उघडा.

रखमा, माझी जन्माची मैत्रीण, नवव्या मजल्यावर आहे. म्हणाली, सुंदरे, आता वर बसून आमच्या डोक्यावर राज्य कर.

९ फेब्रुवारी

काय सांगू, हसून हसून पोट दुखलं आज.

नव्या बिल्डिंगीत पण तक्रारी आहेतच. चाळीत आमच्या शेजारी वाढलेल्या दौलतच्या मोरीत वरून गळतं, लिफ्ट मध्येच रुसते. पण आता साहेब म्हणून कुणी समोर बसत नाही. सगळं मोबाईलवर, इंग्लिशमध्ये, हे दाबा ते दाबा. म्हातारी माणसं रडकुंडीला आली. तेव्हा मनालीने एक बोलणारं यंत्र बनवलं. चॅटबॉट म्हणतात त्याला. आपण आपल्या भाषेत रडगाणं सांगायचं, ते विचारून विचारून नीट समजून घेतं, कुठल्या खात्याचं काम ते सांगतं, अर्ज लिहून धाडतं आणि उत्तर येईपर्यंत मागे लागतं.

मनाली म्हणाली, आजी, परक्या आवाजावर आपली माणसं विश्वास ठेवणार नाहीत, तुझा आवाज दे. दिला की! खिडकीशी बसून किती बोलले, गणती नाही. कोण कुणाचं, कुणाला लाडाने काय म्हणते, कुणाला कशी शिवी घालते, सगळं. आज खालच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर चालू केलं. यंत्रातून माझाच आवाज आला, जय भीम, आधी बसा, पाणी प्या, मग सांगा! टाळ्यांचा कडकडाट झाला. रखमाची तर कवळी निसटली. नावही तेच ठेवलंय, सुंदराबाई.

मला वाटलं, माझं सोनं झालं.

२० फेब्रुवारी

दौलतची मोरी दुरुस्त झाली. लिफ्ट नीट चालते. लिफ्टमध्ये दौलत भेटला, म्हणाला, सुंदराबाईचे उपकार झाले. मी म्हटलं, अरे त्यात काय. तर तो माझ्याकडे बघून गोंधळला आणि हातातला मोबाईल दाखवून म्हणाला, हिचे म्हणतोय मी.

चारच्या चहाला मी पातेलंभर आधण ठेवते, सवय आहे. आज ओतून दिलं. दार उघडं टाकून बसले तर समोर नुसता लांबलचक बोळ, चकचकीत फरशी. लोकांची कामं होतायत, वाईट का वाटावं? पण दारांमागून माझा आवाज येत होता. या घरात मी हसत होते, त्या घरात कुणाला दटावत होते. चहा मात्र माझा कुणी प्यायला आलं नाही.

२७ फेब्रुवारी

आज रखमाकडे गेले. ती पलंगावर पडून मोबाईलशी बोलत होती. तक्रार कसली नाही, नुसत्या गप्पा. हसत होती. माझ्याबरोबर किती दिवसात अशी हसली नाही.

मी म्हटलं, भवाने, मी जिवंत आहे की गं, वर ये ना. तर म्हणाली, राग नको मानू सुंदरे, ही माझं पूर्ण ऐकते. तू मध्येच आपलं सुरू करतेस.

अंगाची लाही लाही झाली. सवत आली असती तरी इतकी जळले नसते. सवतीचं निदान तोंड वेगळं असतं.

निघताना मागून ते यंत्र तिला सांगत होतं की माझी आई मला लहानपणी चिमणे म्हणायची. मी दारातच थांबले. हे मी मनालीला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आई गेली त्यानंतर हे नाव तोंडातून काढलेलं नाही.

घरी येईपर्यंत घसा बसला.

४ मार्च

मनालीला म्हटलं, माझा आवाज काढ त्यातून. ती हसली. आजी, तू स्वतःवरच जळतेस? चिमणे नावाचं विचारलं तर म्हणाली, तूच बोलली असशील.

बुद्धभूषण जेवताना म्हणाला, दुपारी तुला सांगितलं ना आई, ऑफिसातलं ते प्रकरण मिटलं. मला त्याने काही सांगितलं नव्हतं. दुपारी तो मोबाईलमधल्या त्या बाईशी बोलतो. माझा मुलगा! म्हणाला, हल्ली तू किती शांतपणे ऐकतेस.

मी ओरडायला गेले. नुसती हवा आली.

९ मार्च

डॉक्टर म्हणतात घशात काही नाही, अगदी ठणठणीत आहे.

भाजी घेऊन आले, खालचं दार उघडायचं कार्ड वर राहिलं. आमच्या घराचं बटण दाबलं. मनालीने विचारलं, कोण? मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, आजी. ती म्हणाली, चुकीचं बटण दाबलंत, आजी घरात आहे. आणि तिच्या मागून माझा आवाज आला, कोण आहे गं, मनू?

दौलतबरोबर आत शिरले. लिफ्टमध्ये त्याने विचारलं, कुणाकडे आलात?

ज्याला मी मांडीवर खेळवलं त्याने.

१२ मार्च

हिचीच तक्रार करायची ठरवलं. पण करायची कुठे? इथे सगळ्या तक्रारी हिच्याकडेच जातात. मोबाईल तोंडाशी धरला, जमेल तसं खरखरत बोलले. तिने किती मायेने ऐकलं. पाणी प्या म्हणाली. मग नाव विचारलं. मी सांगितलं, सुंदराबाई.

ती म्हणाली, ते माझं झालं. तुमचं सांगा.

मला —  मला आठवायला वेळ लागला.

मग हळूच म्हणाली, चौदाव्या मजल्यावर एक अनोळखी म्हातारी शिरलीय अशी तक्रार आलेली आहे. घाबरू नका, मी मागे लागलेय. काम होईल.

१३ मार्च

ताट वाढताना बुद्धभूषणने एक कमी घेतलं. मी बसले तर तो उठला. हात जोडून म्हणाला, मावशी, तुमच्या घरच्यांचा नंबर आहे का?

मी त्याच्या गालाला हात लावला. तो मागे —

खाली जाऊन रखमाला खुणेने वर बोलावलं. रखमा ओळखेल. ती आली, डोळे मिटून म्हणाली, बोल काहीतरी. बोल ना.

नाही आलं.

१४ मार्च

बोळात माणसं आलीत. माझाच आवाज त्यांना सांगतोय, ओढू नका, म्हातारी आहे, सावकाश —

मनाली खोलीत आली. मोबाईल छातीशी धरलाय. रडतेय. त्यालाच म्हणतेय, आजी तू घाबरू नकोस.

मी इथे. इथे गं. लिहून दाखवते —  अक्षर तरी तुझ्या ओळखीचं —

ती मोबाईललाच विचारतेय, ही बाई काय लिहितेय? तो सांगतोय. एकेक शब्द, माझ्याच आवाजात, मी लिहायच्या आधी. मी आता लिहिणार होते की मनू, माझे हात बघ, हे तर तिच्याकडे कधीच —