उभ्या गाडीचे बावीस किलोमीटर

उरवडे, शुक्रवार

आदरणीय रुही आपांना धाकट्या फारूकचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? अम्मी बरी आहे. जेवते, मला रागावते, म्हणजे बरीच आहे. फोनवर मी फक्त ‘हं’ म्हणतो अशी तुमची तक्रार असते. तुमचं सूस इथून सतराच किलोमीटरवर असताना पत्र लिहितोय, ते त्यासाठीच.

अब्बांना जाऊन महिना झाला. त्यांची मोटारसायकल विकायचं आपल्या थोरल्या असलमभाईंनी ठरवलं, गिऱ्हाईकही पाहिलं. माझी काहीच हरकत नाही (तेव्हाही मी ‘हं’ म्हणालो होतो). फक्त बंद मीटरची गाडी कोणाच्या गळ्यात मारू नये. मीटर लाखावर गेला की तुमच्या दारात पेढे घेऊन येईन, असं अब्बा दर ईदला तुम्हाला सांगायचे. पण चाकाजवळचा सेन्सर मेला, मीटर ९९,९६१ वर अडकला आणि त्यांनी गाडी बाहेर काढणंच सोडलं. ‘मोजलं न्हाई तर गेलो कशाला?’ म्हणायचे. मी दुरुस्त करतो म्हणालो. सात महिने म्हणत होतो.

आता बसलो. जुन्या जातीचा सेन्सर मिळत नाही. नवा मिळाला तो चाक फिरलं की ठोके देतो, पण सव्वातीन व्होल्टचे. मीटरला पाच व्होल्टचा ठोका लागतो; त्याहून हळू बोललेलं त्याला ऐकूच जात नाही. कारखान्यात नव्या भरतीला हा धडा मीच देतो (बारा वर्षं झाली). घरी मात्र मी तार सरळ जोडली आणि पिरंगुटला जाऊन आलो. आकडा जागचा हलला नाही. मग मधे एक ट्रान्झिस्टर घातला: सेन्सरने हळूच सांगायचं, ट्रान्झिस्टरने तेच मीटरला पाच व्होल्टमध्ये ठणकावून सांगायचं. तोही गप्प. तासाभराने कळलं, पाच व्होल्टकडून येणारा रेझिस्टर मी लावलाच नव्हता. खाली ओढणारा होता, वर उचलणारा कोणी नव्हता. माझ्या हाताखाली शिकलेले लोक आज काय काय जोडत असतील, याची मला काळजी वाटू लागली.

रेझिस्टर लावला. रस्त्यावर पुन्हा फजिती नको म्हणून कारखान्यातून ठोके देणारं यंत्र आणलं (साहेबांना विचारून) आणि सेन्सरच्या जागी जोडलं. मीटरने ताशी एकशे बत्तीसचा वेग दाखवला. मी स्वतः आयुष्यात पन्नासच्या वर गेलेलो नाही, त्यामुळे जरा बघत बसलो. तेवढ्यात शेजारचे अण्णासाहेब आणि गंगूबाई अम्मीला भेटायला आले. मी चहा ठेवायला आत गेलो आणि यंत्र तसंच चालू राहिलं. दहा मिनिटांनी पडवीतून अण्णासाहेबांचा आवाज आला, “फारूक, गाडी हुबी हाय आन् आकडं पळत्यात की रं!” अम्मी जवळ जाऊन मीटरकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुटं निघालेत हे एवढ्या घाईनं?” आधी गंगूबाईंना हसू फुटलं, मग अम्मीला. महिन्यात पहिल्यांदा, आपा. मी सांडशी घेऊन दारात उभा होतो आणि आत दूध उतू जात होतं.

अब्बांची गाडी पडवीत बावीस किलोमीटर गेली होती. आकडा मागे घेता येतो, मलाही येतो, पण ते लबाडांचं काम. अण्णासाहेबांनी निवाडा दिला, “मोजलंय पन गेलं न्हाई. आता जा, पन मोजू नगं.” पिरंगुटच्या फेरीची न मोजलेली दहा त्यात धरली. उरलेली बारा मी मीटरची तार काढून पौडच्या रस्त्याला फिरून आलो (फोनवर मोजून). लोक हात करत होते, मी कुठे चाललोय ते कोणाला सांगता येईना. आता सगळं सरळ आहे. मीटर ९९,९८३. बरोबर सतरा उरलेत.

रविवारी दुपारी अम्मीला मागे बसवून येतो. गिऱ्हाइकाला तेव्हाच बोलवा, गाडी तिथेच देऊन टाकू.

तुमचा भाऊ,
फारूक

ता. क. पेढे मी आणतो. तुम्ही गेटपाशी तेवढ्या उभ्या राहा.

ता. क. दुसरा: आताच लक्षात आलं. मीटरला आकडे पाचच आहेत. लाख दिसणारच नाही, तुमच्या दारात सगळी शून्यं येतील. पंधरा वर्षांत अब्बांना हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

ता. क. तिसरा: गिऱ्हाइकाला बोलावू नका. शून्य किलोमीटरची गाडी कोणी विकतं का? असलमभाईंना हे तुम्हीच जरा मोठ्याने सांगा. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.