गेट सरकलंय

प्रिय बाळ,

('ठमे' लिहिलं असतं, तर न वाचताच फाडलं असतंस.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे तुमच्या कॉलेजच्या शिपाईकाकांच्या हाती पाठवतोय. विद्यार्थ्यांसमोर खड्ड्यातून "ए ठमे, मागे हो!" म्हणून ओरडलो, मॅडमची लाज गेली, कबूल. पण धोक्याच्या फितीखालून वाकून चराच्या काठावर कोण आलं होतं गं? पुन्हा आलीस तर पुन्हा ओरडेन. आई विचारते, वेळेवर जेवतेस ना?

इथे माझी भूक मेलीय. जमिनीत आधीचं काय पुरलंय ते वर रंगाने आखायचं आणि मगच खणायचं, ही आमची रीत. पाण्याला निळी रेघ, गॅसला पिवळी. तुमच्या प्रयोगशाळेच्या गॅसलाइनचं अंतर जुन्या नकाशात मुख्य गेटपासून दिलंय. आमच्या माणसांनी गेटपासून टेप धरली, पिवळी रेघ मारली. उद्या सकाळी तिच्या अलीकडे मशीन लागणार.

काल चहा पिताना त्या रेघेकडे बघितलं आणि आठवलं. तुला पहिल्यांदा इथे सोडायला आलो, तेव्हा गेट कँटीनला खेटून होतं. तू तुरुतुरु आत गेलीस, ट्रंक माझ्याच हातात राहिली. आता कँटीन कुठे, गेट कुठे! गेट सरकलंय, नकाशा तसाच आहे. म्हणजे खरी लाइन लायब्ररीसमोर, उद्या खणायचं तिथेच येते.

इंजिनीअरसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "काका, गेटला पाय फुटले काय?" सगळे हसले. माणूस वाईट नाही, पण परीक्षेआधी काम उरका म्हणून त्यांच्यामागे वरून तगादा. हाताने खणून बघू म्हटलं, तर वेळ नाही. पुरावा आणा, मशीन थांबवतो, म्हणाले. ऑफिसात विचारलं. तिथले सगळे नव्या गेटातून आलेले.

पुरावा तुझ्याकडे आहे. त्या दिवशी रिक्षावाल्याने गेटात काढलेला आपला फोटो, बाजूला कँटीनची पाटी. तुझ्या खोलीत आरशाशेजारी होता. रागाच्या भरात त्यातून मला कापून टाकलं असशील, तरी चालेल. गेट आणि पाटी शिल्लक असली, तर आत्ताच्या आत्ता शिपाईकाकांकडे दे. आणि फोटो सापडो न सापडो, उद्या लायब्ररीकडून येऊ नकोस, पोरांनाही येऊ देऊ नकोस. मी तिथेच असेन, मशीनच्या पुढ्यात.

तुझाच, खड्ड्यातला
बाबा