जाळीचा पाळणा

ती. आई,

पाया पडते. देवाजवळ दिवा लावून इथेच लिहायला बसलेय. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. नवा कागद आणला असता तर तुम्ही वरूनच ओरडला असता!

काल मयुरीच्या मुलीचं बारसं झालं. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले, आणि तुमची पणती आली. माणसं जेवून गेली, भांडी आवरून झाली, आणि मनात आलं की या बारशामागची हकीकत ज्यांना सांगायची त्या तुम्हीच घरात नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही वरोरहून आमच्या डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलात, तो दिवस आठवतो? मामंजी गेले, होडी विकली, आणि हे तुम्हाला घेऊन आले. सामान काय, तर एक ट्रंक आणि जुन्या जाळ्यांचं हे भलंमोठं गाठोडं! मी कैनाडच्या शेतकऱ्याची मुलगी, मॅट्रिक झालेली, वर रेल्वेतल्या माणसाची बायको. मला त्या गाठोड्याच्या वासाची लाज वाटली. खोटं कशाला बोलू? तीनदा साबण लावून धुतलं मी ते. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात.

"धू गो, धू," म्हणालात. "समुद्राने चाळीस वर्षं धुतलंय. त्याच्याकडून काही राहिलं असेल तर तुझ्या साबणाने निघेल."

त्याच गाठोड्यातून माझं घर सजलं, आई. कांदे-लसूण टांगायच्या जाळ्या, साबणाच्या उरलेल्या तुकड्यांची पिशवी, खिडकीतल्या कुंड्यांची शिंकी. साड्या फाटल्या की तुम्ही त्यांच्या चिंध्यांच्या वेण्या घालायचात आणि त्या गोल गोल शिवून पायपुसणं करायचात. नारळाची करवंटी फुटक्या काचेने घासून अशी गुळगुळीत केलीत की आजही देवघरात उदबत्तीची राख तिच्यातच पडते. शेजारच्या हंसाबेन पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून गेल्या होत्या. महिन्याभराने त्याच दारात उभ्या, "बा, मने पण एक शिंकुं बनावी आपो ने!" तुम्ही त्यांना दोन दिलीत, आणि वर मला डोळा मारलात!

आणि मयुरीचा पाळणा. सुती दोरीची बारीक जाळी, दोन्ही टोकांना बांबू, आत तुमची मऊ झालेली साडी. दीड वर्षं पोर त्यात झोपली. मग मी काय केलं? वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही. तो पाळणा उसवून परसात कारल्याच्या वेलाला पसरून दिला. दोन उन्हाळ्यांत दोरी हातात चुरायला लागली. तुम्ही एक दिवस परसात आलात, वेलाकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "बरं केलंस. कारली तरी शांत झोपतील."

मी हसले होते तेव्हा. तुम्ही हसला होतात का, ते आज आठवत नाही.

मयुरी सातव्या महिन्यात तलासरीहून बाळंतपणाला आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, आजीने माझा विणला होता तसाच पाळणा हवा. सासरचे स्टीलचा आणतो म्हणत होते, मीच नको सांगितलं. तुला येतो ना विणता?"

"येतो की!" मी म्हटलं.

असं का बोलले मी? देवापुढे बसलेय, इथे तरी खरं सांगते. अठ्ठावीस वर्षं तुम्हाला विणताना बघितलं, तेवढ्यावर मला येतं असं मला वाटत होतं. आणि लेकीपुढे नाही म्हणवेना.

तुमच्या ट्रंकेत विणायची बांबूची सुई सापडली, आणि भोकं सारखी यावीत म्हणून दोरी ज्यांच्यावर गुंडाळून गाठ मारायची त्या दोन पट्ट्या. एक बोटभर रुंद, एक चार बोटं. मी हिशेब केला. रुंद पट्टी घेतली तर भोकं मोठी, दोरी निम्मी आणि वेळही निम्मा. आई, मला काय हुशारी वाटली स्वतःची! आठवड्यात विणून मोकळी. पाळणा देवासमोर ठेवला, कुंकू लावलं.

बाळ झालं. बारशाला पाच दिवस उरले तेव्हा कडीला पाळणा टांगला. मयुरी म्हणाली, आधी वजन घालून बघू. पूजेसाठी आणलेले नारळ घातले. एक जरा लहान होता. तो हळूहळू सरकत भोकातून बाहेर आला आणि फरशीवर आपटून फुटला.

मयुरीने मांडीवरचं बाळ छातीशी धरलं.

"आई, तुला येत होतं ना?"

"नाही गं. मी कधी शिकलेच नाही."

"मग सांगायचं ना! मी हिला त्यात निजवणार होते."

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे, स्टीलचाच आणायला सांगते," म्हणाली. मी तिच्याकडे चारच दिवस मागितले.

सकाळच्या पहिल्या एसटीने वरोर गाठलं. तुमची धाकटी बहीण, पारूमावशी, अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी पिशवीतून ती जाळी काढली. तिने ती उन्हात धरली आणि आरपार माझ्याकडे बघितलं.

"कोणता मासा धरायचाय, गो?"

"मासा नाही मावशी, मयुरीच्या पोरीला निजवायचंय."

"मग पोरीचा पाय केवढा ते बघायचं. दोरी केवढी ते बघत बसलीस ना? रेल्वेवाल्याची बायको शोभतेस!"

मी मान खाली घातली. ती हसता हसता खोकली, मग माझ्या शेजारी पाट टाकून बसली. आम्ही दोघींनी मिळून सगळं उसवलं. गाठ कशी फिरवायची, दोरी ओली ठेवून गाठ मारली की वाळताना ती कशी आवळते, कडेला दुहेरी दोरी का घ्यायची, सगळं तिने हाताला धरून दाखवलं. चुकले की मनगटावर चापटी! दुपारी तिच्याकडेच जेवले.

निघताना मी विचारलं, "मावशी, आईंनी मला कधी शिकवलं का नाही?"

"मी म्हटलं होतं तिला," मावशी म्हणाली. "तर म्हणते, सून शिकलेली आहे, आपण कसं शिकवायचं? ती विचारील तेव्हा शिकवीन."

आई! अठ्ठावीस वर्षं तुम्ही वाट बघितलीत? तुमची करवंटी देवघरात, तुमचं पायपुसणं दारात, आणि मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, हे कसं करता. पण तुमच्यावरही थोडा राग आहे हं. एकदा हाक मारून "बस इथे" म्हटलं असतंत तर मी बसले असते. दोघींनीही मान राखला आणि दोघींचंही राहून गेलं.

घरी येऊन बोटभर रुंद पट्टीवर तीन दिवस विणलं. बोटांना फोड आले. मयुरी आधी लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी दोरी भिजवून द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी मी न सांगताच तिने नारळ नाही, तर देवघरातलं लिंबू जाळीवर ठेवलं आणि पाळणा गदागदा हलवला. लिंबू आतच राहिलं. "चालेल," म्हणाली.

काल तिने स्वतःच्या हाताने बाळ त्यात ठेवलं. तलासरीच्या विहीणबाई जाळी चाचपून म्हणाल्या, "हे कुठे मिळतं हो?" मी म्हटलं, "मिळत नाही. माझ्या सासूबाईंचं आहे. मी नुसत्या गाठी मारल्यात." बाळाने दोनदा पाय झाडले, जाळीला टाच लावली आणि झोपलं.

तुमचे उपकार मी कुठल्या पानावर लिहू? नाही लिहीत. त्याऐवजी शब्द देते. कुणी विचारायची वाट मी बघणार नाही. आज दुपारीच मयुरीला हाक मारून शेजारी बसवीन, सुई तिच्या हातात देईन, आणि ती म्हणाली "आई, नंतर," तरी ऐकणार नाही.

उशिरा विचारणारी,
तुमची सून
सुनंदा