किटलीवाल्यांच्या वाफेच्या इंजिनाची निरवानिरव

मी, गीताबाई परमेश्वर आपेट, वय ७१, धंदा शेती व गुऱ्हाळ, राहणार घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, आज राजीखुशीने, पुऱ्या होशात व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, गुडघ्यांसकट. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या मागे वारस म्हणून माझी एकुलती एक मुलगी सायली आहे. धाकटे दीर बजरंग यांचा मुलगा पप्पू मला मुलासारखा आहे. पण मुलगा आणि मुलासारखा यांतला फरक कायद्याला कळतो, आणि मलाही.

१. राहते घर व गावालगतची जमीन: ही मिळकत वाटणीत माझे पती कै. परमेश्वर यांच्या वाट्यास आली. ते गेल्यावर सायलीने आपला हिस्सा हक्कसोड करून माझ्या नावे केला. सही करताना कचेरीतल्या एकाने तिला विचारले, "ताई, आईनं उद्या दुसऱ्याला देऊन टाकली तर?" ती म्हणाली, "देऊ द्या. तिची हाय." तर ती माझी मिळकत, कलम ४ व ५ मधील जागा वगळून, मी सायलीस देत आहे. लेक परक्याचे धन असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते आपापल्या घरी म्हणावे.

२. रस्त्याकडेचे शेड, त्यातील बॉयलर, उसाचा चरक, लेथ व वाफेचे इंजिन: हे सर्व सायलीस. ही काय वस्तू आहे आणि कशी झाली ते कागदावर राहावे म्हणून लिहिते. वकिलांनी हे कलम लांबले म्हणून तक्रार केली आहे.

माझे पती साखर कारखान्यात फिटर होते. तिथली नोकरी सोडून गावी आले आणि आम्ही गुऱ्हाळ घातले. रस काढल्यावर उरलेले चिपाड पेटवून देतो आणि चरकाला मात्र डिझेल पाजतो, हे त्यांना बघवत नसे. चिपाडावर वाफ करायची आणि वाफेवर चरक फिरवायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. जुन्या वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे धावतो, तो त्यांना नको होता. "ज्याला शेवटी फिरायचंच हाय, त्याला पहिल्यापासून फिरू द्यावं," म्हणायचे. त्यांनी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, गोल पिंप ओतून घेतले, आत जरा एका अंगाला सरकवून रूळ बसवला, रुळाला खाचा पाडून त्यांत पितळेच्या पाकळ्या घातल्या, पाकळ्यांमागे स्प्रिंगा. वाफ पाकळ्यांना ढकलते आणि रूळ फिरतो. सांगायला एवढेच.

करायला आमची उमर गेली. पाकळी घट्ट बसवली की तापल्यावर इंजिन अडकायचे. घासून सैल केली की वाफ कडेने निसटायची आणि चरकाच्या तोंडातला ऊस तसाच उभा राहायचा. मी भट्टीत चिपाड घालायची, ते पाकळ्या घासायचे. सायली त्या शेडमध्येच रांगली.

एका संक्रांतीला त्यांनी गाव जमवले. दीर बजरंग तेव्हा सरपंच होते. नारळ त्यांच्या हाताने फोडला. इंजिन फिरू लागले, माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चालू असतानाच ते अडकले. पट्टा उडून पडला. कोणाला लागले नाही. पिंपाच्या कडेकडेने वाफ शिट्टी घालत निघाली तेव्हा भाऊजी मोठ्याने म्हणाले, "दादा, हे इंजिन न्हाई रं, चहाची किटली हाय!"

त्या दिवसापासून आम्ही किटलीवाले झालो. लग्नपत्रिका देणारासुद्धा वेशीवर विचारायचा, किटलीवाल्यांचं घर कुठलं. यजमान हसायचे. हसून परत पाकळ्या घासायला बसायचे. भावाशी मात्र ते पुन्हा बोलले नाहीत. त्यांचे हृदय बंद पडले तेव्हा भाऊजी दवाखान्याच्या दारापर्यंत आले आणि दारातच उभे राहिले. आत या म्हणायला मला तोंड उघडता आले नाही, आणि न म्हणता यायला त्यांना पाय उचलता आला नाही. तेवढ्यात हे गेले.

पुढे सगळ्यांनी सांगितले, इंजिन भंगारात घाला. भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला; तो कसा, ते कलम ४ मध्ये आहे. तो गेल्यावर मी भट्टी पेटवली. का पेटवली ते मला आजही सांगता येणार नाही. वाफ सोडली, नेहमीसारखे इंजिन चार फेरे फिरून अडकले. मी हात धुऊन आले आणि ओला हात पिंपावर झटकला. ज्या बाजूने वाफ आत शिरते तिथे थेंब चर्र करून उडाले. दुसऱ्या बाजूला तसेच बसून राहिले.

मी पुन्हा पाणी शिंपडले. पुन्हा तेच. एक अंग तापून फुगत होते आणि दुसरे थंडच होते. पिंप गोल राहतच नव्हते. इतकी वर्षे आम्ही पाकळीला बोल लावत होतो आणि वाकडे होत होते तिचे घर. सांगायला शेजारी वळले, तर शेजारी कोणी नव्हते. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी मोकळेपणी रडले.

सायली तेव्हा इंजिनिअरिंगला होती. दिवाळीला आली तशी तिला शेडमध्ये नेले.

"या पिंपाला बाहेरून दुसरं पिंप घालू," मी म्हणाले. "दोन्हींच्या मधे आधी वाफ सोडायची. सगळं अंग सारखं तापलं, की मगच आत सोडायची."

ती पिंपाभोवती फिरली, खाली बसली, परत उठली. "आई, बरोबर हाय तुझं. पण तेवढ्यानं भागायचं न्हाई. पितळ बिडापेक्षा जास्त फुगतं. पाकळ्या पण बिडाच्याच पाहिजेत. आणि त्या स्प्रिंगा काढ, तापून त्यांचा जीव जातो. पाकळीच्या मागं वाफच सोडू, तीच रेटील तिला."

"बाबांच्या पाकळ्या काढायच्या?"

"त्यांचं इंजिन चालवायचंय का त्यांच्या पाकळ्या जपायच्यात?"

बोलून गेली आणि तिचेच डोळे भरले. पाकळ्या आम्ही दोघींनी मिळून काढल्या. मापे तिने घेतली, ओतून मी आणल्या, लेथवर तिनेच कापल्या. तरी पहिल्या खेपेला रुळाची बाजू पिंपाच्या टोकाच्या झाकणाला घासली, कारण तापल्यावर रूळ लांबीतही वाढतो. मग तिने एका बाजूचे झाकण पक्के न करता मागेपुढे सरकेल असे बसवले. त्यानंतर इंजिन अडकलेले नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही कोणाला बोलावले नाही. इंजिन चालले, चरक फिरला, रसाची धार लागली. दुपारी बांधावर पांढरे कपडे दिसले. भाऊजी होते. बराच वेळ उभे राहिले. मग शेडमध्ये आले, भट्टीपाशी बसले आणि चिपाड घालू लागले. कपडे काळे झाले. शेवटी मान खाली घालूनच म्हणाले, "वहिनी, दादाला किटली म्हनलो ते मी. गावानं न्हाई. गाव माझ्या मागून म्हनलं."

मला खूप बोलायचे होते. मी म्हणाले, "भाऊजी, ते चिपाड ओलं आहे. बाजूला काढा." त्यांनी काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले, जुने कपडे घालून.

३. इंजिनाची रचना: पुण्याकडच्या एका कारखानदाराने ही रचना विकत मागितली होती, अट अशी की पुढे आम्हीही दुसरे इंजिन करायचे नाही. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावले. नेकनूरचा असो की आष्टीचा, जो कोणी शेडमध्ये येऊन विचारील त्याला इंजिन उघडून दाखवावे. नक्कल केली म्हणून कोणावर दावा लावू नये. त्याने काय बदल केला तेवढे मात्र सायलीला सांगावे. अजून एक दोष आहे: बाहेर पडणाऱ्या वाफेत इंजिनाचे तेल मिसळते, म्हणून रस तापवायला ती त्यात सोडता येत नाही. गुळाला तेलाचा वास येतो. सायली, ती वाफ फुकट जाते आहे. हे तुझ्याकडे.

बॉयलरची तपासणी दर हंगामाआधी करून घ्यावी. दाब वाढावा म्हणून सुरक्षा झडपेवर जास्तीचे वजन ठेवणाऱ्याला, तो कोणीही असो, शेडबाहेर काढावे.

४. कडूबाई म्हाळू हिच्याबद्दल: कडूबाईची मेंढरे खतासाठी आमच्या रानात बसायची, तशी ती आमची झाली. भंगारवाल्याने गाडी लावली तेव्हा ती शेडमध्ये जाऊन इंजिनावर मांडी घालून बसली. "न्यायचं आसंल तर मला बी वजनात धरा," म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितले. मी म्हणाले, तिचं बरोबर आहे. शेडलगतची खोली, तिच्यापुढची विहिरीकडची जागा आणि तिथले चिंचेचे झाड मी कडूबाईस कायमचे देत आहे. यजमानांचे घोंगडे तिचेच दिलेले आहे, ते तिला परत द्यावे.

५. पप्पूबद्दल: त्याला शेडच्या जागी रस्त्यावर हॉटेल टाकायचे आहे. माझ्यासमोर बसून म्हणाला, "काकू, ताई तर पुन्याला. मग शेड कुनासाठी ठेवायचं?" विचारण्यात त्याचे चुकले नाही; तो वाईट नाही, घाईत आहे. शेडच्या पूर्वेची रस्त्यालगतची मोकळी जागा मी पप्पूस देत आहे. हॉटेल खुशाल टाकावे. शेडला हात लावल्यास ही जागाही सायलीची होईल. सायलीने पुण्यातच राहिले पाहिजे किंवा गावी आले पाहिजे, अशी कोणतीही अट मी घालत नाही. तिच्यावर मी इंजिन ठेवते, ओझे नाही.

६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सायलीने करावे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. बजरंग भाऊजींना हे सांगितले तर म्हणाले, "मला काय बी नको वहिनी. फकस्त सही करू द्या." म्हणून त्यांच्या नावे येथे काही नाही.

७. माझ्या अंत्यविधीत मोठा थाट करू नये. मी हंगामात गेले तर त्या दिवशी चरक बंद ठेवू नये. तोडलेला ऊस माणसासाठी थांबत नाही, आंबतो. चार माणसे माझ्याबरोबर यावीत, बाकीच्यांनी भट्टीपाशी राहावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: घाटनांदूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही) गीताबाई परमेश्वर आपेट

आमच्यासमक्ष सही झाली:

साक्षीदार १: (सही) बजरंग आपेट, माजी सरपंच, मयत परमेश्वर यांचा भाऊ

साक्षीदार २: (सही) धोंडीराम गुळवे, निवृत्त पोस्टमास्तर, घाटनांदूर