घटातल्या मंगळवारच्या आधी

हुबळी, दाजीबानपेठ
रविवार, ता. २८ सप्टेंबर १९६९

सुलभे,

आधी भांडण, मग आशीर्वाद. तुझं म्हणून जे पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं ते तुझं नव्हतंच. अक्षर हणमंतरावांचं. "मातोश्रींस कळविण्यात येते की दर मंगळवारी आईंचा संचार होत असून..." मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. कुणाची आई? तुझी आई मी आहे, आणि मला कसलाही संचार झालेला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या बायकोला नवऱ्यानं आई म्हणायचं आणि वर ते सासूला पत्रानं कळवायचं! लग्नात हाच माणूस दुसरा लाडू मागायला लाजत होता.

आता आशीर्वाद. चि. सौ. सुलभास अनेक. इकडं सगळी बरी आहेत. पाऊस सरला पण ओल गेली नाही, दुकानातल्या तळच्या गठ्ठ्यांना वास मारतो, तुझा भाऊ दिवसभर कापड उन्हात घालतो आणि काढतो. गणपतकाका बरे आहेत, त्यांची दुसरी बायकोही बरी आहे. त्यांच्या घरात पाळणा अजून हललेला नाही. तुझ्या अप्पांची तिथी काल झाली. पुढच्या आठवड्यात अविधवा नवमी, तेव्हा दरसालासारखी एक सवाष्ण जेवू घालीन.

हे टपालात टाकत नाही. तुझं टपाल हणमंतराव फोडतात हे मला कळलंय. बांगडीवाली दुर्गव्वा उद्या धारवाडला निघालीय, तिच्याकडे देते. तिला अक्षरओळख नाही, आणि बांगड्या भरायला बाई बसली की पुरुष माजघरात येत नाहीत. हातात हिरव्या भरून घे आणि वाचून झाल्यावर हे चुलीत घाल. नाहीतर नको घालूस. शेवटपर्यंत वाच, मग ठरव.

मागच्या मंगळवारी मी येऊन गेले. तासभर रांगेत होते. हणमंतराव दारात, अंगावर जरीचं उपरणं.

"सासूबाई, चपला बाहेर काढा. आणि आज ती तुमची मुलगी नाही हं."

"मग कुणाची?"

"जगाची."

मी म्हटलं, "जगाच्या पोटात कळा आल्या होत्या काय?"

मागच्या बायका हसल्या, आणि लगेच कानाची पाळी धरून गप्प झाल्या. असं हसू दडपणं मला नवीन नाही.

आत काय ते तुला माहीतच आहे. खिडकी बंद, धूप, कापूर, तुझ्या अंगावर रेशमी इरकल, आणि भोवती पाच बायका खेटून बसलेल्या. तिथं दगडाच्या देवालाही घाम फुटला असता. मी बघत होते. लाली छातीवरून गळ्यावर चढली, गळ्यावरून कानापर्यंत. वरच्या ओठावर घामाचे थेंब. हात थरथरले. बायकांनी उदो उदो केलं. भाताला एक उकळी यावी एवढाच वेळ, आणि मग तू हुडहुडी भरल्यासारखा पदर ओढून घेतलास. हणमंतराव मोठ्यानं म्हणाले, "पाच महिने आई बाहेर बसलेल्या नाहीत. देह शुद्ध झालाय!" लोकांनी हात जोडले. मी बोटांवर तुझी वर्षं मोजली.

मग मी तुझ्या पायावर डोकं ठेवलं. ठेवावंच लागलं, मागून रेटा होता. तेव्हा तू डावा डोळा किलकिला करून मला पाहिलंस. सुलभे, तो डोळा देवीचा नव्हता. फडताळातला गूळ खाताना तू असाच डोळा करायचीस.

परत निघताना मागच्या अंगणात तुझी सून भेटली. इरकल बादलीत घालून बाहेर निघाली होती. किती वाळलीय ती. मी विचारलं, "जयलक्ष्मी, धुणं घरात का नाही करत?"

"देवीचं लुगडं आहे आज्जी. नळाचं पाणी चालत नाही म्हणतात मामंजी. केलगेरीच्या तळ्यावर नेते."

"एकटी?"

"होय."

"भीती नाही वाटत?"

"नाही. तिथं कुणी काही विचारत नाही."

मग तिनंच सांगितलं. घटातल्या मंगळवारी कौल लावणार आहेत. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, तर तिला ठेवायचं की गदगला माहेरी धाडून आपल्या बाळकृष्णाचं दुसरं करायचं. बाळकृष्ण काय म्हणतो विचारलं, तर म्हणाली, "ते म्हणतात, आई म्हणेल ते." म्हणजे त्या पोराला कणाच नाही, आजोळवर गेलं. "ट्रंक भरून ठेवलीय आज्जी. एकच साडी बाहेर ठेवलीय."

"कशाला?"

"लागंल की."

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता नीट वाच. तुझ्या अंगात येतंय ते पाळी जायच्या वयाचं आहे. बाहेर बसत नाहीस ती शुद्ध झालीस म्हणून नाही, ते दिवस संपत आले म्हणून. छातीतून एकदम जाळ उठतो, काळीज धडधडतं, कान तापतात, घामानं पोलकं भिजतं आणि मागून थंडी वाजते. पहाटे उशी ओली होते. उगाच रडू येतं, उगाच कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटतं. हे सगळ्यांना होतं, कुणी बोलत नाही एवढंच. मलाही तेव्हा लोकांनी देवीच ठरवलं होतं. पुढं लक्कव्वा सुईणीनं मला हात लावून सांगितलं, "अक्का, इदु देवी अल्ल. मुट्टु निल्लो काल." देवी नव्हे, विटाळ थांबायचा काळ.

सुती लुगडं नेस, रेशीम आणि नायलॉन पेटीत टाक. दाराजवळ बस. आलंसं वाटलं की मानेवर ओला पंचा ठेव आणि सावकाश श्वास घे, धावू नकोस. मिरचीचा ठेचा आणि दुपारचा चहा बंद. जिरं घालून पातळ ताक पी. शहाबादी फरशीवर नुसती चटई टाकून नीज. जाळ येईल, पण तो जातो. दोन वर्षं, तीन वर्षं, मग कमी होतो. आणि पाच महिन्यांनी एकदम अंगावरून जास्त गेलं तर लाजू नकोस, डॉक्टरणीकडे जा.

हे एवढं मी चैत्रातच लिहायला हवं होतं. तू तुझ्या हातानं विचारलं होतंस, "आई, छातीत आग उठते, पहाटे भिजून जाते, मला काय झालं?" मी डोळे दुखतात म्हणून कळवलं आणि पत्र डब्यात ठेवलं. डोळे दुखत नव्हते. तुला आईनं सांगितलं नाही म्हणून मग तुझ्या नवऱ्यानं सांगितलं.

का नाही लिहिलं ते आता लिहिते.

आपलं गाव मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलं त्या सालचे घट. मी अठ्ठेचाळीसची. सकाळी पोलक्याच्या गाठी सोडून पाट्यावर वाटत बसले होते, तर तुझी मालतीकाकू, गणपतकाकांची पहिली बायको, हसून म्हणाली, "अक्का, या वयात गाठी कुणासाठी सोडल्या?" सगळं स्वयंपाकघर हसलं. ती वाईट मनाची नव्हती. पण मी ते गाठीला बांधलं.

संध्याकाळी आरतीला घटासमोर बसले आणि जाळ उठला. मी घुमले नाही, काही नाही. पदर झटकला आणि तोंडातून हुंकार गेला. तुझ्या आज्जीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्यापुढं आडवी झाली. तीस वर्षं मला शिळी भाकरी वाढणारी बाई! म्हणाली, "आई, चुकलंमाकलं पोटात घाल." मला म्हणता आलं असतं, अहो सासूबाई, मला उकडतंय. नाही म्हटलं. मला बरं वाटत होतं. त्या घरात तोवर मला कुणी भाजी काय करू हेसुद्धा विचारलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "मालतीला चार वर्षं झाली. कूस उजवत नाही. घरात ठेवावी का?"

मालती समोर निरांजन धरून उभी होती.

मी म्हटलं, "पाठवा तिला."

तिसऱ्या दिवशी तिला उणकलला भावाकडे पोचवलं. संक्रांतीच्या आधी ती तळ्यात सापडली. तुला कळवलं होतं की धुणं धुताना पाय घसरला. पायऱ्या कोरड्या होत्या, सुलभे. धुणं काठावर घडी घालून ठेवलेलं होतं, न भिजवता. मी बघून आले होते. गणपतकाकांचं दुसरं झालं, त्याला बारा वर्षं होतील, आणि पाळण्याचं वर लिहिलंच आहे. कूस कुणाची उजवत नव्हती ते आता सगळ्यांना कळतं, बोलत कुणी नाही.

वर मी एक खोटं लिहिलं आहे. लक्कव्वानं मला पुढं सांगितलं असं म्हटलंय ना? पुढं नाही. घट बसायच्या आठ दिवस आधी सांगितलं होतं. मला माहीत होतं.

नवमीला मी सवाष्ण कुणासाठी घालते असं तू एकदा विचारलं होतंस, आणि मी म्हटलं होतं आपल्या घरची पद्धत. ती मालतीसाठी. माफी मागण्यासाठी नव्हे, माफी करणारी आता आहे कुठं? तिचं पान कुणी वाढत नाही म्हणून वाढते.

देवी नाही असं मी म्हणत नाही. ती आहे. म्हणूनच मला धाक वाटतो, तिच्या तोंडानं मी बोलले ते तिनं ऐकलंय. तेरा वर्षं ती काही बोलली नाही. आणि आता माझ्याच लेकीला चौरंगावर बसवलंय, समोर तसलीच एक पोर, जवळ तसलंच एक तळं. मी रांगेत उभी होते तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच मांडलंय.

मंगळवारी तू बसू नकोस. जबरदस्तीनं बसवलंच तर म्हण, आधी खिडकी उघडा, मला तांब्याभर पाणी द्या. खिडकी उघडल्यानं जी निघून जाते ती देवी नव्हे. लोक हसतील. हणमंतराव चार महिने जेवणार नाहीत, न जेवू देत, पोट सुटलंयच त्यांचं. तुला पुन्हा कुणी काही विचारणार नाही, त्याचं वाईट वाटेल. फार वाटेल, मला ठाऊक आहे. सोस.

आजपासून जयलक्ष्मीला तळ्यावर एकटी धाडायची नाही. आणि ती बाहेर ठेवलेली साडी तू स्वतःच्या हातानं उचलून कपाटात ठेव.

नवमीला तिला माझ्याकडे सवाष्ण म्हणून पाठव. हणमंतरावांना सांग, पितरांचं आवतण आहे, मोडलं तर देवी कोपेल. एकदा तरी त्यांच्या देवीचा उपयोग होऊ दे. मी सकाळच्या पहिल्या बसपासून स्टँडवर उभी राहीन. ती बसमधून उतरली नाही, तर यंदा दोन पानं वाढायची की काय ते मला सांग.

उत्तर जयलक्ष्मीच्याच हाती दे. ते तू लिहायचंस, तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि खाली सुलभा म्हणून सही करायची. हणमंतरावांचं अक्षर दिसलं किंवा खाली आई असं लिहिलेलं आलं, तर मंगळवारी मी रांगेत उभी राहणार नाही. सरळ चौरंगासमोर बसेन आणि मालतीचं हे सगळं मोठ्यानं सांगेन, नाव माझं आणि दुकानाचं जाऊ दे खड्ड्यात.

तुझी एकटीचीच आई,
पार्वती

पुन्हा बजावते. उत्तर सुलभानं द्यायचं. देवीनं नाही.